प्रेक्षकांचें वैर : बास्केटबॉलच्या इतिहासांतील एक प्रकरण

बास्केटबॉलच्या मैदानावर दोन्ही टोंकांस जी फळी टांगलेली असते ती कशासाठीं, असें खेळणाऱ्या मुलास विचारलें तर तो सांगेल कीं चेंडू तिच्यावर आपटून टोपलींत पडावा म्हणून. आज तिचा उपयोग तसा होतो हें खरें. परंतु तिचा जन्म त्यासाठीं झालेला नाहीं. हा खेळ नवा होता तेव्हां टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्यास ठोकलेल्या असत, आणि प्रेक्षक त्याच सज्जांत बसत. आपल्या पक्षाचा चेंडू येतांना दिसला कीं हात पुढें करून त्यास आंत ढकलावें आणि परपक्षाचा दिसला कीं त्यास बाहेर लोटावें, हा क्रम लवकरच सुरू झाला. तेव्हां खेळ निर्माण होऊन चारपांच वर्षें होतात न होतात तोंच टोपलीमागें आडोसा घालावा लागला. तो आडोसा म्हणजेच ही फळी. खेळाडूंपासून खेळाडूंचें रक्षण करण्यास नियम पुरले. प्रेक्षकांपासून खेळाचें रक्षण करण्यास मात्र भिंत उभारावी लागली!

ह्या लहानशा गोष्टींत एका मोठ्या विषयाचें बीज आहे. ज्या मनुष्यानें आपलें कांहीं हिरावून घेतलें नाहीं, ज्याच्याशीं आपली ओळखदेख नाहीं, जो रस्त्यांत भेटला तर कदाचित् आपण त्यास नम्रपणें वाट देऊं, त्याच्यावर केवळ तो दुसऱ्या संघाचा अंगरखा घालतो एवढ्यावरून दांतओठ खावे, त्याचा नेम चुकला कीं आनंदानें नाचावें, आणि हें सर्व करण्यासाठीं पदरचे पैसे मोजून तिकीट काढावें, हा मनुष्यस्वभावाचा काय प्रकार आहे? हॅझ्लिट ह्या इंग्रज निबंधकारानें १८२६ सालीं द्वेष करण्यांतील सुखावर एक स्वतंत्र निबंधच प्रसिद्ध केला होता. तें सुख सर्वांस ठाऊक असतें, पण कबूल करावयास कोणी तयार नसतो. क्रीडांगण ही एकच जागा अशी आहे कीं जेथें तें उघडपणें, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून भोगतां येतें. म्हणून त्या सुखाचा अभ्यास करावयाचा तर क्रीडांगणाचाच इतिहास चाळणें सोयीचें.

हा प्रकार अर्वाचीन युगाची देणगी आहे असें मात्र कोणी समजूं नये. पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानींत, कॉन्स्टँटिनोपलमध्यें, रथांच्या शर्यतींचे निळे आणि हिरवे असे दोन पक्ष होते. मुळांत हे सारथ्यांच्या अंगरख्यांचे रंग. पण त्या रंगांवरून घराघरांत फूट पडे. सख्ख्या नात्याची देखील हे लोक पर्वा करीत नाहींत, अशी तक्रार तत्कालीन इतिहासकार प्रोकोपियस ह्यानें करून ठेविली आहे. इसवी सन ५३२ च्या जानेवारींत हे दोन्ही पक्ष क्षणभर एक होऊन सम्राट् जस्टिनियनविरुद्ध उठले. शर्यतींत सारथ्यांस उत्तेजन देण्याकरितां जी ‘जिंक’ अशी आरोळी ते देत, तीच बंडाची घोषणा झाली. शहर जळलें, आणि सैन्यानें शर्यतीच्या मैदानांत शिरून जी कत्तल केली तींत तीस हजार माणसें पडलीं, असें प्रोकोपियस सांगतो. ज्या भव्य मंदिराची आज जगभर कीर्ति आहे तें आया सोफिया ह्या दंग्यांत जळालेल्या जुन्या मंदिराच्या जागीं उभारलेलें असून ५३७ सालीं पुरें झालें. प्रेक्षकांचें वैर हें केवळ हंशाचें प्रकरण नव्हे, एवढें ध्यानांत ठेवून आपण मूळ विषयाकडे वळूं.

बास्केटबॉलचा इतिहास ह्या दृष्टीनें विशेष बोधप्रद आहे. कारण हा खेळ हळूं हळूं उगवलेला नसून एका सज्जन मनुष्यानें विचारपूर्वक बनविलेला आहे, आणि तो बनविण्यांत त्याचा हेतु दांडगाई टाळण्याचा होता. जेम्स नेस्मिथ हा मूळचा कॅनडाचा. त्यानें धर्मशास्त्राचा अभ्यास केलेला होता. १८९१ सालच्या हिवाळ्यांत अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील स्प्रिंगफील्ड येथें, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणशाळेंत, अठरा कंटाळलेल्या आणि काहींशा उनाड विद्यार्थ्यांचा वर्ग त्याच्या गळ्यांत पडला. बाहेर बर्फ, आंत कसरतीचा कंटाळा. फुटबॉल आंत खेळूं द्यावा तर हातपाय मोडण्याची भीति. नेस्मिथनें विचार केला कीं लक्ष्य जमिनीलगत असलें म्हणजे चेंडू जोरानें मारण्याची बुद्धि होते. तें डोक्यावर, आडवें ठेवलें तर चेंडू हळुवारपणें, कमानीनें टाकावा लागेल. चेंडू घेऊन धावण्यासच बंदी केली तर धावणाऱ्यास पाडण्याचें कारणच उरणार नाहीं. अशा विचारांतून तेरा नियम झाले. दहा फूट उंचीवर पीचच्या फळांच्या दोन टोपल्या ठोकण्यांत आल्या आणि खेळ सुरू झाला. परंतु मनुष्यस्वभाव नियमांहून चपळ! आरंभींच्या खेळांत मुलांनीं एकमेकांस लाथाबुक्क्यांचा प्रसाद दिला, असें नेस्मिथनेंच १९३९ सालीं रेडिओवरील एका मुलाखतींत सांगितलें. दांडगाईवर उपाय म्हणून निघालेला खेळ दांडगाईनेंच आरंभला, आणि तीच संस्था तो पुढें आपल्या शाखांतून जगभर घेऊन गेली. हिंदुस्थानांतही तो ह्याच वाटेनें आला, आणि मुंबईच्या नागपाड्यांत तर त्यानें चांगलें मूळ धरलें.

खेळ धंदेवाईक झाला तेव्हां फळी अपुरी पडूं लागली. १८९६ च्या सुमारास न्यू जर्सीमधील ट्रेन्टन येथें मैदानाभोंवतीं जाळीचें कुंपण घालण्यांत आलें, आणि पुढें कित्येक वर्षें अनेक ठिकाणीं खेळाडू अक्षरशः पिंजऱ्यांत खेळत. चेंडू वारंवार बाहेर जाऊं नये हें कुंपणाचें एक कारण. खेळाडू आणि प्रेक्षक ह्यांची गांठ पडूं नये हें दुसरें. पेनसिल्व्हेनियांतील खाणींच्या गांवांत प्रेक्षक जाळीच्या भोंकांतून परक्या खेळाडूंस टोपीच्या टाचण्या टोंचीत, अशा कथा सांगतात. अमेरिकन वृत्तपत्रांत बास्केटबॉल खेळणाऱ्यांस पुढेंही बराच काळ ‘पिंजऱ्यांतले’ अशा अर्थाचा शब्द रूढ होता, तो ह्यावरूनच. कालांतरानें पिंजरे गेले. फळी राहिली, परंतु मागें बसणाऱ्यांस खेळ दिसावा म्हणून ती कांचेची झाली. येथें दैवाचा विनोद पाहण्यासारखा आहे. नियमभंगाबद्दल खेळाडूस पंधरा फुटांवरून मोकळी फेक मिळते. त्या क्षणीं सारा खेळ थांबतो, तो एकटा उभा राहतो, आणि कांचेपलीकडे शेंकडों प्रेक्षक हात, फडकीं, काठ्या नाचवून त्याचें चित्त विचलित करण्याचा यत्न करतात. जी फळी प्रेक्षकांचे हात अडविण्यासाठीं लावली, तीच पारदर्शक होऊन त्यांच्या हातवाऱ्यांची खिडकी बनली.

ह्या वैराची परंपरा कशी वाढते हें पाहावयाचें तर बोस्टनचा सेल्टिक्स संघ आणि लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ ह्यांच्याकडे पाहावें. सेल्टिक्सची स्थापना १९४६ सालची. लेकर्स १९४७ मध्यें मिनिआपोलिस येथें निघाला. तो प्रांत सरोवरांबद्दल प्रसिद्ध, म्हणून ‘सरोवरवाले’ हें नांव; १९६० सालीं संघ लॉस एंजेलिसला गेला तरी जवळ सरोवर नसतांना नांव तेंच राहिलें. १९५९ ते १९६९ ह्या अवधींत हे दोन संघ अंतिम सामन्यांत सात वेळां भेटले आणि सातही वेळां सेल्टिक्स जिंकला. एकदां हरणें हा अपघात. सात वेळां हरणें हा इतिहास. त्यांत सेल्टिक्सचा प्रशिक्षक रेड आवरबाक ह्याची एक खोड अशी कीं विजयाची खात्री पटतांच, सामना संपण्याची वाट न पाहतां, तो बाकावर बसून चिरूट पेटवी. त्या धुराची वळणें पाहून परक्या प्रेक्षकांच्या मस्तकांत जो धूर होई तो निराळाच!

१९६९ च्या अंतिम सामन्याची कथा तर नाटकांत शोभावी अशी आहे. सातवा आणि निर्णायक सामना लॉस एंजेलिसच्या बाजूस होता. लेकर्सच्या मालकानें विजय गृहीत धरून छताशीं हजारों फुगे जाळ्यांत बांधून ठेविले. विजय मिळाल्यावर ते कसे सोडावयाचे ह्याचा कार्यक्रमही ठरला होता. सेल्टिक्स १०८ विरुद्ध १०६ असा जिंकला आणि फुगे छताशींच लोंबत राहिले. पराभूत संघांतील जेरी वेस्ट ह्यास त्या मालिकेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून गौरविण्यांत आलें. हरलेल्या बाजूच्या खेळाडूस हा मान मिळाल्याचें दुसरें उदाहरण नाहीं. त्या मानाचें त्यास काय सुख झालें असेल? सेल्टिक्सचा हिरवा रंग पुढें आयुष्यभर त्याच्या डोळ्यांस खुपे असें सांगतात. कॉन्स्टँटिनोपलमधील निळ्यांस ही भावना सहज समजली असती.

येथवर जें वैर आपण पाहिलें त्यास ‘लटकें वैर’ म्हणावें. आई मुलावर लटका राग धरते, त्या अर्थानें लटकें, खोटें नव्हे. त्याचा आवेश खरा असतो, परंतु त्याचें राज्य मैदानापुरतें आणि सामन्यापुरतें असतें. असें वैर समाजास उपकारकही आहे. परक्या शहरांत आलेल्या, एकमेकांस न ओळखणाऱ्या हजारों माणसांस समान प्रेम जितकें लवकर जोडतें त्याहून समान शत्रु लवकर जोडतो. पण लटक्या वैरास एक मोठा धोका असतो. त्याच्या गर्दींत खरें वैर वेष पालटून शिरतें, आणि आरडाओरड एकसारखीच असल्यामुळें कोणतें कोणाचें हें ओळखूं येत नाहीं.

सेल्टिक्सच्या वैभवाचा आधारस्तंभ बिल रसेल हा होता. १९५७ पासून १९६९ पर्यंतच्या तेरा वर्षांत त्यानें अकरा अजिंक्यपदें मिळवून दिलीं. १९६६ सालीं तो त्या संघाचा प्रशिक्षक झाला, आणि अमेरिकेच्या ह्या प्रमुख संघटनेंत त्या पदावर बसलेला तो पहिला कृष्णवर्णीय मनुष्य होय. परक्या शहरांतील प्रेक्षकांनीं त्याच्या नांवानें खडे फोडावे हें रिवाजास धरूनच होतें. परंतु १९६१ सालीं केंटकी प्रांतांतील लेक्झिंग्टन येथें संघ उतरला असतां उपाहारगृहांत कृष्णवर्णीय खेळाडूंस अन्न नाकारण्यांत आलें. तेव्हां रसेल आणि त्याचे कृष्णवर्णीय सोबती सामना न खेळतांच परत फिरले. हेंही परक्या गांवचें म्हणून सोडून देऊं. बोस्टनजवळ रेडिंग गांवीं रसेलचें घर होतें. कुटुंब बाहेर गेलें असतां कोणी तें फोडलें, मानचिन्हांची नासधूस केली, भिंतींवर वर्णद्वेषाच्या शिव्या लिहिल्या आणि अंथरुणांत विष्ठा टाकून ठेविली. ही हकीकत त्याच्या कन्येनें १९८७ सालीं लिहिलेल्या लेखांत दिली आहे. हें घडलें तें शत्रूच्या नगरींत नव्हे, स्वतःच्या संघाच्या उंबरठ्याशीं.

म्हणून मार्च १९७२ मध्यें त्याचा सहा क्रमांकाचा अंगरखा सन्मानपूर्वक उंच टांगण्याचा प्रसंग आला तेव्हां रसेलनें एकच अट घातली : समारंभ दारें उघडण्यापूर्वीं व्हावा. रिकाम्या क्रीडागृहांत, केवळ जुन्या सोबत्यांच्या समोर तो विधि उरकण्यांत आला. ज्यांच्या टाळ्या त्यानें तेरा वर्षें ऐकल्या त्यांच्यापुढें उभें राहण्याची त्यास इच्छा उरली नव्हती. कारण त्या टाळ्या अंगरख्यास होत्या, अंगरख्याच्या आंतील मनुष्यास नव्हत्या, हें तो जाणून होता. पुढें १९९९ च्या मे महिन्यांत तोच विधि हजारों प्रेक्षकांसमोर पुन्हा झाला आणि त्यानें तो स्वीकारला. मध्यें सत्तावीस वर्षें गेलीं. २०२२ सालीं तो वारला, तेव्हां त्याचा सहा हा क्रमांक इतःपर कोणत्याही संघानें नव्या खेळाडूस देऊं नये असें संघटनेनें ठरविलें. त्या संघांत लॉस एंजेलिसचा लेकर्सही आला.

हें वाचतांना मराठी वाचकास बाळू पालवणकराची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. हिंदु संघासाठीं त्यानें गोऱ्यांचे गडी बाद केले कीं मैदान टाळ्यांनीं दुमदुमे. परंतु पुण्यास चहाची वेळ झाली कीं ह्या चर्मकार गोलंदाजास मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांत चहा मिळे. संघाचा नायक म्हणून त्याची निवड कधींच झाली नाहीं. ती १९२३ सालीं त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल ह्याची झाली. आपल्याच विजयी वीरास आपल्या पंक्तीस न बसविणारा प्रेक्षक बोस्टनलाच असतो असें नाहीं.

रसेलचा खरा प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन. सात फूट एक इंच उंचीचा हा धिप्पाड पुरुष. १९६२ च्या मार्चच्या दोन तारखेस त्यानें एकट्यानें एका सामन्यांत शंभर गुण केले. जेथें जाई तेथें त्याची हुर्यो होई. गॉलायथ राक्षसाच्या बाजूनें कोणी ओरडत नाहीं, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या नांवावर प्रसिद्ध आहेत. प्रेक्षक ह्या दोघांच्या वैराच्या गोष्टी चवीनें सांगत असतां ते दोघे मात्र सणावारीं एका टेबलाशीं जेवत. ही मैत्री प्रेक्षकांनीं मोडली नाहीं. ती १९६९ च्या त्याच फुग्यांच्या सामन्यानें मोडली. गुडघा दुखावल्यामुळें चेंबरलेन अखेरच्या मिनिटांत बाहेर बसला होता, आणि त्यानें तसें मैदान सोडावयास नको होतें असें रसेल पुढें जाहीरपणें बोलून गेला. त्यानंतर सुमारें वीस वर्षें दोघांत भाषण नव्हतें. शेवटीं रसेलनें चूक कबूल केली आणि समेट झाला. १९९९ सालीं चेंबरलेन वारला तेव्हां त्याच्या स्मरणसभेंत रसेल बोलला. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार यथाविधि करण्यास रामानें बिभीषणास सांगितलें, त्यांतील मर्म हेंच. वैर कोठें संपवावें हें ज्यास कळतें त्यासच तें करण्याचा अधिकार.

प्रेक्षकांसही हें कधीं कधीं कळतें, ह्याचें एक नमुनेदार उदाहरण १९८२ सालचें आहे. त्या वर्षीं मे महिन्याच्या तेवीस तारखेस बोस्टनच्या क्रीडागृहांत सेल्टिक्स आणि फिलाडेल्फिया ह्यांचा निर्णायक सामना होता. जिंकणारा संघ अंतिम सामन्यांत लेकर्सशीं लढणार. फिलाडेल्फियाशीं देखील बोस्टनचें वैर पिढीजाद. सामना १२० विरुद्ध १०६ असा हातचा गेला. घड्याळांत थोडा वेळ उरला असतां, पराभव समोर दिसत असतां, बोस्टनच्या प्रेक्षकांतून एक घोष उठला आणि बघतां बघतां सारें गृह तो करूं लागलें : ‘लॉस एंजेलिसला हरवा!’ घरच्या मैदानावर आपला पाडाव करणाऱ्या शत्रूस तो आशीर्वाद होता. ह्यास खिलाडूपणा म्हणावें, कीं दूरच्या शत्रूचा द्वेष जवळच्या शत्रूवरील रागाहून मोठा ठरला असें म्हणावें? माझ्या मतें दोन्ही. फिलाडेल्फियास त्या आशीर्वादाचा उपयोग झाला नाहीं, लेकर्सच जिंकला. परंतु तो घोष टिकला, आणि लेकर्सच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या घरीं तो पुढें ऐकूं येऊं लागला. वैराचीही एक सार्वजनिक मालमत्ता होते ती अशी.

ह्या काळांत दोन्ही संघांस नवे नायक मिळाले होते. इंडियाना प्रांतांतील फ्रेंच लिक ह्या खेड्यांतला लॅरी बर्ड बोस्टनकडे. मिशिगनमधील लॅन्सिंगचा अर्विन जॉन्सन, ज्यास जग ‘मॅजिक’ म्हणून ओळखतें, तो लॉस एंजेलिसकडे. १९७९ सालीं महाविद्यालयीन अंतिम सामन्यांत मॅजिकच्या संघानें बर्डच्या संघास हरविलें होतें, तेव्हां वैराचें भांडवल आधींच जमलेलें होतें. १९८४ सालीं सेल्टिक्सनें सात सामन्यांत लेकर्सवर मात केली. १९८५ सालीं लेकर्सनें प्रथमच, आणि तेंही बोस्टनच्या मैदानावर, त्याचा सूड घेतला. परंतु येथेंही वेषांतर केलेलें वैर होतेंच. बर्ड गोरा, मॅजिक कृष्णवर्णीय. आणि देशांतील कित्येक लोक ज्यास संघाचें प्रेम म्हणत होते तें वास्तविक वर्णाचें प्रेम होतें. बोस्टनमधील कित्येक कृष्णवर्णीय रहिवासी आपल्या शहराचा संघ सोडून लेकर्सच्या विजयाची इच्छा करीत. त्यांस कृतघ्न म्हणण्यापूर्वीं रेडिंग येथील घर आठवावें.

ही गांठ सुटली ती एका जेवणामुळें. १९८५ च्या उन्हाळ्यांत बुटांच्या एका जाहिरातीसाठीं मॅजिक फ्रेंच लिकला गेला. चित्रण मध्यें थांबलें तेव्हां बर्डच्या आईनें त्यास घरांत बोलावून जेवूं घातलें, आणि जे दोघे सहा वर्षें एकमेकांस केवळ अडथळा समजत होते ते गप्पा मारीत बसले. एकाच हालअपेष्टेंत वाढलेले, एकाच वेडानें पछाडलेले आपण दोघे, हें त्यांस तेव्हां कळलें. नोव्हेंबर १९९१ मध्यें एच्. आय्. व्ही. चा संसर्ग झाल्याचें मॅजिकनें जाहीर केलें, आणि त्या रोगाच्या भीतीनें भलेभले त्याच्यापासून दूर सरकूं लागले, तेव्हां बर्ड सरकला नाहीं. फेब्रुवारी १९९३ मध्यें बोस्टनच्या क्रीडागृहांत बर्डचा निरोपसमारंभ झाला. मॅजिक लेकर्सचा अंगरखा घालून आला. आणि भर सभेंत तो उघडला तर आंत सेल्टिक्सचा हिरवा सदरा! ज्या गृहांत त्याच्या नांवाची हुर्यो होत असे त्यानेंच त्यास टाळ्यांनीं डोक्यावर घेतलें. लटकें वैर म्हणतात तें हें. तें मनापासून करतां येतें आणि वेळ आली म्हणजे अंगरख्यासारखें काढून ठेवतां येतें.

अंगरख्याचा हा महिमा आणखी एका प्रकारें दिसून येतो. क्लीव्हलँडजवळच्या ॲक्रन गांवचा लेब्रॉन जेम्स हा त्या शहराच्या गळ्यांतला ताईत. ८ जुलै २०१० रोजीं, दूरचित्रवाणीवर, आपण मायामीस जाणार असें त्यानें सांगितलें आणि त्याच रात्रीं क्लीव्हलँडच्या रस्त्यांत त्याच्या नांवाच्या अंगरख्यांची होळी झाली. मनुष्य तोच, हात तेच, कौशल्य तेंच. बदलला तो कपडा. २०१४ सालीं तो परत आला, आणि २०१६ सालीं एकास तीन असा मागें पडलेला संघ सावरून त्यानें त्या शहरास बावन्न वर्षांनंतर पहिलें अजिंक्यपद मिळवून दिलें. जे होळी करून बसले होते त्यांस नवे अंगरखे विकत घ्यावे लागले असतील! प्रेक्षकाचा द्वेष हा बहुधा दुखावलेल्या प्रेमाचाच उलटा सदरा असतो, हें ह्या प्रकरणानें चांगलें दाखवून दिलें.

परंतु सदरा उलटा करण्यापर्यंत गोष्ट नेहमीं थांबत नाहीं. १९ नोव्हेंबर २००४ रोजीं डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्स येथें डेट्रॉइट आणि इंडियाना ह्यांचा सामना चालला होता. निकाल ठरल्यासारखाच होता. शेवटचीं सेहेचाळीस सेकंदें देखील पुरीं उरलीं नव्हतीं. दोन खेळाडूंत ढकलाढकली झाली, ती शमत आली. इंडियानाचा रॉन आर्टेस्ट गुणलेखकांच्या टेबलावर उताणा पडून राहिला होता. इतक्यांत प्रेक्षकांतून एक पेयाचा पेला भिरभिरत आला आणि त्याच्या अंगावर फुटला. आर्टेस्ट उठला आणि थेट प्रेक्षकांत घुसला. ज्याची मानगूट त्यानें धरली तो पेला फेकणारा नव्हताच. मागोमाग सोबती धावले, प्रेक्षक मैदानांत उतरले, आणि कांहीं मिनिटें खेळाडू कोण व पाहणारा कोण हा भेदच उरला नाहीं. संघटनेनें नऊ खेळाडूंस मिळून १४६ सामन्यांची बंदी घातली. त्यांपैकीं आर्टेस्टला मोसम संपेपर्यंतचे ८६ सामने मुकावे लागले. पेला फेकणाऱ्यास तुरुंगवास घडला.

ह्या प्रसंगाची कारणें शोधणाऱ्यांनीं मद्यास दोष दिला, खेळाडूंच्या स्वभावास दिला, पोलिसांच्या अपुऱ्या संख्येस दिला. तीं सर्व खरीं असतील. पण मला वाटतें, मूळ कारण १८९१ च्या सज्जांतच आहे. बास्केटबॉल हा प्रेक्षकाच्या अगदीं जवळ खेळला जाणारा खेळ. फुटबॉलचा अमेरिकन खेळाडू शिरस्त्राण आणि चिलखत घालून दूर उभा असतो. बेसबॉलच्या मैदानाचा विस्तार मोठा. येथें मात्र पहिल्या रांगेंतील प्रेक्षकाचे पाय मैदानास लागलेले, खेळाडू उघड्या हातापायांचा, त्याचा घाम आणि त्याच्या चेहऱ्यावरील निराशा हातभर अंतरावरून दिसणारी. इतक्या जवळ असलेल्या मनुष्यास मनुष्य न मानणें कठीण असावें, असें कोणास वाटेल. अनुभव उलट आहे. मूल्य देऊन बसलेल्यास असें वाटूं लागतें कीं तिकिटाच्या किंमतींत त्या मनुष्याचा अपमान करण्याचा हक्कही आला. फळीनें चेंडूचें रक्षण झालें. चेंडू टाकणाऱ्याचें रक्षण करणारी फळी कोणी शोधून काढलेली नाहीं. ती प्रेक्षकाच्या मनांतच ठोकावी लागते.

आर्टेस्टची पुढील कथा सांगण्यासारखी आहे. तो पुढें लेकर्समध्यें गेला. १७ जून २०१० रोजीं अंतिम मालिकेचा सातवा सामना पुन्हा एकदां सेल्टिक्सशीं होता. लेकर्स ८३ विरुद्ध ७९ असा जिंकला, आणि त्या विजयांत आर्टेस्टचा वांटा मोठा होता. ज्याच्याकडे सारा देश दंगेखोर म्हणून बोट दाखवीत होता त्यास लॉस एंजेलिसनें खांद्यावर घेतलें. २०११ सालीं त्यानें कायदेशीर रीतीनें आपलें नांव बदलून ‘मेत्ता वर्ल्ड पीस’ असें घेतलें. ‘मेत्ता’ हा पाली शब्द, संस्कृतांतील मैत्री तोच. उरलेल्या दोन शब्दांचा अर्थ विश्वशांति. लोक हंसले. आडनांवाचा भाग त्यानें मागाहून बदलला, पण ‘मेत्ता’ तेवढें ठेविलें. बौद्ध भिक्षूंच्या तोंडचा शब्द अमेरिकेंतील एका बदनाम खेळाडूनें आपलें नांव म्हणून धारण करावा, ह्यांत हंसण्यासारखें जितकें आहे त्याहून विचार करण्यासारखें अधिक आहे.

बोस्टन आणि लॉस एंजेलिस ह्यांचें भांडण आजही संपलेलें नाहीं. २०२० सालीं दोघांचीं अजिंक्यपदें सतरा-सतरा झालीं. २०२४ सालीं सेल्टिक्सनें अठरावें मिळविलें. तरी बोस्टनवाले म्हणतात कीं लेकर्सच्या सतरांपैकीं पांच मिनिआपोलिसचीं, तीं मोजूं नयेत; आणि लॉस एंजेलिसवाले म्हणतात कीं संघ तोच, मग पदें दुसऱ्याचीं कशीं? इतिहासलेखनाच्या पद्धतीवर इतक्या कळकळीनें वाद करणारे लोक विद्यापीठांतही विरळा. असा वाद खुशाल चालावा. तो ज्या दिवशीं थांबेल त्या दिवशीं खेळही थांबेल.

परंतु तो वाद करतांना नेस्मिथची एक गोष्ट दोन्ही बाजूंनीं ध्यानांत ठेवावी. खेळाचा हा जनक १८९८ पासून कॅन्सस विद्यापीठांत होता, आणि तेथें संघाचा प्रशिक्षक म्हणून त्यानें नऊ हंगाम काम केलें. त्याच्या हातून पंचावन्न सामने जिंकले गेले आणि साठ हरले गेले. त्या विद्यापीठाच्या इतिहासांत ज्याचे पराभव विजयांहून अधिक भरतात असा प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे ज्यानें हा खेळ निर्माण केला तो.